चौथ्या टप्प्यातली सत्तावीस पिवळी

किराणा दुकानातला काटा तपासताना त्याने पन्नास ग्रॅमचं पितळी वजन चक्क बोटांनी उचललं. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. वजनमापं खात्याच्या निरीक्षकाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते हेच: पेटीतली वजनं चिमट्याने धरायची, नाहीतर मऊ फडक्याने, पण बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला की वजन तेवढं जड होतं, आणि मग शहरभरच्या काट्यांचं खरंखोटं ठरवणारं वजनच खोटं ठरतं. या बाबतीत तो इतका काटेकोर होता, की ऑफिसात त्याला पाठीमागे 'चिमटा' म्हणत. दुकानदाराला यातलं ओ की ठो कळलं नाही. तो बिचारा आपला काटा पास होतोय की नाही या घोरात होता. "साहेब, काही गडबड आहे का?" त्याने विचारलं. "नाही, बरोबर आहे," निरीक्षक म्हणाला, आणि वजन फडक्याने पुसून पेटीतल्या मखमली खळग्यात ठेवायला गेला, तर ते बसेना, खळगा दुसऱ्याच वजनाचा होता. दुसऱ्या हातात फोन होता. फोनवर मुलीचा निरोप होता. तिला घरात सगळे बारकी म्हणत, अजूनही म्हणत, म्हणजे आता म्हणणारा तो एकटाच उरला होता. निरोपात लिहिलं होतं: 'रविवारी येतेय. आपली वाट चालायची आहे. मी मोजेन, तुम्ही लिहा.'

आता यात घाबरण्यासारखं काय होतं? पोरगी येतेय म्हटल्यावर बापाने हरखून जायला हवं. पण ती वाट तो गेले तीन उन्हाळे चाललाच नव्हता, आणि दर रविवारी तिथली फुलपाखरं मात्र मोजून पाठवत होता.

दुकानातून ऑफिसात येईपर्यंत त्याच्या डोक्यात विचार असा आलाच नाही. रस्ता ओलांडला, जिना चढला, पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं, वहीत वेळ लिहिली. दाढ काढताना गालात सुई देतात, मग दोन-तीन तास तो गाल आपला राहत नाही, हाताने दाबला तर दुसऱ्याच कुणाचा तरी दाबल्यासारखं वाटतं. चार वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून त्याचं सगळं अंग तसं झालं होतं. तो जेवत होता, झोपत होता, कामात चूक करत नव्हता. लोकांनी आधी सांत्वन केलं, मग कौतुक केलं, मग दोन्ही सोडलं. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका एकदा म्हणाली होती, "तुमचं बाई बरं आहे, तुम्ही मनाला लावून घेत नाही." त्याने मान डोलावली होती. आजही तो टेबलाशी बसला आणि बोटं एकमेकांवर घासत राहिला. पितळेचा वास बोटांना होता. एकच गोष्ट त्याला स्पष्ट कळत होती: बारकीला कळलं, तर ती लिहिणं बंद करेल.

कारण ती लिहायची ते याच एका गोष्टीबद्दल. दर रविवारी संध्याकाळी तो मोजणीचा फॉर्म केंद्राला आणि तिलाही पाठवायचा आणि तासा-दोन तासांत तिची एक ओळ यायची. 'निळी वाढलेली दिसतात.' 'तपकिरी यंदा लवकर आली.' 'पाचव्यात वारा होता वाटतं.' एक ओळ, जास्त नाही. ती दूरच्या विद्यापीठात कीटकांवर प्रबंध लिहीत होती. फोनवर दोघांचं बोलणं तिसऱ्या वाक्याला संपायचं, कशी आहेस, बरी आहे, तुम्ही, मीही बरा, आणि मग दोघंही दुसऱ्याने फोन ठेवायची वाट बघायची. आई गेल्यानंतर ती दोनदाच घरी आली होती, तेही ऐन थंडीत, जेव्हा फुलपाखरं नसतात. तेव्हा ही एक ओळ म्हणजे त्याची अख्खी लेक होती. गेल्या दोन रविवारी ती ओळ आली नव्हती. त्याने फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहिला होता. आणि आता ही बया स्वतःच यायला निघाली.

वाट बारकीचीच. ती दहा वर्षांची असताना शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात एक पत्रक वाटलं होतं, कुणाला फुलपाखरं मोजायची असतील तर नाव द्या. तिने घरी न विचारता नाव दिलं, आणि दोन आठवड्यांनी मोजणी केंद्राकडून नकाशा, फॉर्म आणि वाटेचा नंबर आला, एकशे सतरा. शहरातून बसने चाळीस मिनिटं, शेवटचा थांबा, तिथून पुढे लाकडी फाटकापासून सुरू होणारी शेताडातली पायवाट. दीड मैलाची, नऊ टप्प्यांत वाटलेली. उन्हाळी हंगामाचे सव्वीस आठवडे दर आठवड्याला एकदा, ऊन असताना, वारा कमी असताना, एकाच चालीने चालायचं. डाव्या-उजव्या बाजूला अडीच मीटर, पुढे पाच, एवढ्या चौकटीत जे उडेल ते मोजायचं. मागे वळायचं नाही. मागे गेलेलं फुलपाखरू मोजायचं नाही, कारण ते आधी मोजलेलंच असू शकतं. बारकी पुढे चालायची आणि मोठ्याने सांगायची, "दोन पांढरी, एक निळं," आणि तो मागून लिहायचा. मान वर न करता लिहायचा, म्हणून त्या आठ वर्षांतली फुलपाखरं त्याने खरं तर पाहिलीच नव्हती, पोरीच्या टाचा पाहिल्या होत्या. दरवर्षी चपला मोठ्या होत गेल्या. बायको यायची, पण मोजणीत नसायची. "तुम्ही दोघं जा, किडे मोजा, मला माझी पायरी पुरे," असं म्हणून ती तिसऱ्या टप्प्यातल्या बंद पंपघराच्या पायरीवर बसून राहायची. तिचे गुडघे दुखायचे. त्या पायरीवर दुपारी ऊन यायचं आणि गुडघे उन्हात धरून ती डोळे मिटायची. परतीच्या वाटेवर दोघं तिला तिथून उचलायचे. "किती झाले?" ती विचारायची, आणि बारकीने आकडा सांगितला की "अरे बापरे" म्हणायची, मग तो आकडा सहा असो की साठ.

बायकोचं आजारपण तीन महिन्यांचं. बारकीची शेवटची परीक्षा चालू होती. आईचं वजन किती आहे, ती रोज फोनवर विचारायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजनावर लक्ष ठेवा. आणि निरीक्षक रोज सांगायचा: अठ्ठेचाळीस. कधी साडेअठ्ठेचाळीस. बायको तेव्हा एकोणचाळिसावर आली होती. काटा त्याने स्वतः तपासलेला, दवाखान्यातला, त्यात ग्रॅमची चूक नव्हती. पण पोरगी परीक्षा टाकून धावत येईल, वर्ष फुकट जाईल, आणि कुणास ठाऊक, पुढच्या आठवड्यात वजन वाढेलही. बायकोच म्हणाली होती, "तिला नको सांगू एवढ्यात." हे 'एवढ्यात' कधी संपायचं ते दोघांनीही ठरवलं नाही. शेवटचा पेपर देऊन बारकी आली तेव्हा घरात शेजारपाजारचे बसलेले होते आणि आईची खोली झाडून झाली होती. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "शेवटी किती होतं?" आणि त्याने सांगितलं, "एकोणचाळीस." मग आत जाऊन तिने अजून उघडलीही नसलेली आपली बॅग परत उचलली.

बारकी शिकायला बाहेर गेल्यापासून ती वाट बंदच होती; बायको गेल्यानंतरचा पहिला उन्हाळा तो तिथे एकटा चालला. फुलपाखरं कमी होती पण होती. आता पुढे टाचा नव्हत्या, म्हणून त्याला मान वर करावी लागली, आणि त्याने नीट मोजून नीट लिहिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पहिल्या रविवारी फाटक ढकललं, तर वाटेच्या दोन्ही बाजू जमिनीपर्यंत कापलेल्या. कुंपणालगतची झुडपं गेली होती. गवतावर कसलीशी फवारणी झाली होती आणि ते गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं झालं होतं. शेतमालकाने एक फलक लावला होता: बांध स्वच्छ केला आहे. निरीक्षक नऊही टप्पे चालला. एक पांढरंसुद्धा उठलं नाही. शेवटच्या थांब्याच्या बाकावर बसून त्याने पेन्सिल काढली, आणि नऊ रकान्यांत नऊ शून्यं मांडायला त्याचा हात उठेना. शून्याला ती काय उत्तर देणार? 'वाईट झालं' एवढंच. मग पुढच्या रविवारी पुन्हा शून्य, आणि त्याच्या पुढच्या रविवारी कुणी कशाला लिहील. घरी येऊन त्याने बारकीच्या जुन्या वह्यांतली एक काढली आणि त्याच आठवड्याचे सात-आठ वर्षांपूर्वीचे आकडे फॉर्मवर उतरवले. संध्याकाळी ओळ आली: 'छान सुरुवात.' झालं, त्या ओळीने घात केला. त्यानंतर तो दर रविवारी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा, बाकावर एक तास दहा मिनिटं बसायचा, म्हणजे वाट चालायला लागायचा तेवढाच वेळ, आणि परतीची बस धरायचा. फॉर्मवर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, ऊन आणि वारा एवढं खरं असायचं. याची त्याला लाज वाटायला हवी होती. वाटायची नाही, काहीच वाटायचं नाही. यंदा त्याने तिची सगळ्यात जुनी वही घेतली होती, दहा वर्षांच्या वयाची, कारण एवढं जुनं कुणाच्या लक्षात असणार.

शनिवारी त्याने घर आवरलं. वह्या कपाटाच्या तळाशी ठेवल्या, मग उगाचच वर काढल्या, मग पुन्हा खाली ठेवल्या. सांगून टाकावं, असं एकदा वाटलं. स्टेशनवरच सांगावं, ती बॅग घेऊन उतरायच्या आत, म्हणजे परत जायला सोपं. पण रविवारी सकाळी ती उतरली ती केस आखूड कापलेली, डोळ्यांखाली काळं आलेली, आणि म्हणाली, "बाबा, किती वाळलात. वजन करता की नाही, का दुसऱ्यांचेच काटे तपासता?" तो हसला. मग बसमध्ये दोघं शेजारी बसली आणि चाळीस मिनिटं त्याला ते सांगता आलं नाही. ती खिडकीतून बघत होती. प्रबंध देऊन झाला, तिने सांगितलं. बरं झालं, तो म्हणाला.

फाटकाशी ती थांबली. कापलेला बांध, बोडकी कड, लांबवर सरळ गेलेली पांढुरकी वाट, हे सगळं तिने एकदा पाहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि ते पाहून त्याला भीती वाटली. कितीतरी दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं होतं. "अकरा वाजून पाच," ती म्हणाली, "ऊन आहे. वारा नाही. लिहा," आणि चालायला लागली. तिची चाल तीच होती. तो मागून फॉर्म धरून निघाला, मान खाली, नजर टाचांवर. या टाचा आता बाईच्या होत्या, भेगा पडलेल्या. पहिला टप्पा संपला तशी ती मागे न वळता म्हणाली, "पहिला. शून्य." त्याने शून्य लिहिलं. दुसरा शून्य. त्याला वाटत होतं, आता वळेल, आता बोलेल, पण ती मोजणीचा नियम पाळत सरळ चालली होती. पंपघर आलं. पायरी होती तशीच होती. तिची चाल तिथे जराशी अडखळली, मग पुन्हा लागली. "तिसरा. शून्य."

चौथ्या टप्प्यात, अर्ध्यावर, ती उभी राहिली. मोजणीत मधे उभं राहायचं नसतं. पाठ त्याच्याकडेच ठेवून ती म्हणाली, "दोन आठवड्यांपूर्वी तुम्ही इथे सत्तावीस पिवळी लिहिलीत."

त्याने टाचांवरची नजर वर केली.

"सत्तावीस कशी झाली होती, आठवतं का तुम्हाला?"

आठवलं, आणि ते असं आठवलं की त्याने पेन्सिल धरलेला हात खाली सोडला. बारकी दहा वर्षांची. चौथ्या टप्प्यात तिने नऊ पिवळी मोजली होती. पंपघराच्या पायरीवर बसून कंटाळलेली तिची आई त्या दिवशी कशी कोण जाणे उठली आणि गुडघे सांभाळत, उंच गवतातून पाय ओढत त्यांच्या मागे आली, "अगं थांबा की जरा," असं म्हणत. तिच्या पायांशी गवत हललं आणि एकदम पिवळी उठली, तिच्या कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. पोरगी वळली. वळायचं नसतं, पण वळली, आणि बोट नाचवत तिने आईभोवतीची सगळी मोजली, अठरा. तो म्हणाला, मागची चालत नाहीत. तिने भोकाड पसरलं. आई म्हणाली, "लिही रे बाबा, पोरीची अठरा लिही, काय आभाळ कोसळणार आहे?" आणि त्याने, ज्याला चिमटा म्हणत त्या माणसाने, नऊ अधिक अठरा अशी सत्तावीस लिहिली. त्या एकाच दिवशी. हे सगळं त्या वहीत त्या आकड्यात होतं, आणि दोन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ते निर्विकारपणे फॉर्मवर उतरवलं होतं, किराणा सामानाची यादी उतरवावी तसं.

"ती आईची होती," बारकी म्हणाली. "त्यातली अठरा."

"हो," तो म्हणाला.

"आकडे खोटे आहेत हे मला पहिल्याच वर्षी कळलं, बाबा. त्या उन्हाळ्यात सगळीकडे थंडी होती, सगळ्या वाटांचे आकडे पडले, आपलीच वाट तेवढी मजेत होती. मी एकशे सतरा प्रबंधातून तेव्हाच काढून टाकली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाठवत होतात ना." तिचा आवाज फाटला आणि तिने तो सावरून घेतला. "बोलले असते तर पाठवणं बंद केलं असतंत. मी ओळखून आहे तुम्हाला. मला वाटलं, चालू दे, काहीतरी येतंय ना रविवारचं. पण ही सत्तावीस आली आणि मला दोन आठवडे काही लिहिता येईना. आईचं वजनसुद्धा तुम्ही असंच सांगत होतात. अठ्ठेचाळीस, साडेअठ्ठेचाळीस. मी तिकडे बसून ते कागदावर लिहून ठेवायचे, तारीख घालून. अजून आहे तो कागद."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तुझं वर्ष वाया गेलं असतं, असं काहीतरी. तेच तो चार वर्षं मनात घोकत आला होता, आणि आता ते तोंडाशी आलं तेव्हा त्यात काही दम उरला नव्हता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला."

"शून्य असेल तर शून्य सांगा हो मला," ती म्हणाली. आता ती वळली होती आणि चेहरा ओला होता. "शून्याने मी मरत नाही. तुम्ही सांगत नाही, त्याने मला पोरकं वाटतं." मग तिने मनगटाने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, आणि पुन्हा पुढे तोंड केलं. "चौथा. शून्य. लिहा, आणि खाली लिहा, मोजणारी मधे थांबली."

त्याने लिहिलं. उरलेले पाच टप्पे ती चालली आणि तो तिच्या मागे चालला. आठव्यात एक पांढरं फुलपाखरू बाजूने गेल्यासारखं त्याला वाटलं, पण ते त्याच्या खांद्यामागे होतं आणि त्याने मान वळवली नाही. नवव्याच्या शेवटी तिने फॉर्म हातात घेतला, नऊ शून्यांवरून नजर फिरवली, जुने फॉर्म रद्द समजावेत अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली दोघांनी सह्या केल्या. परतताना ती पंपघराच्या पायरीशी थांबली नाही आणि त्यानेही थांबवलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना त्याला जवळ वगैरे घेतलं नाही, फक्त त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली. घरी येऊन तो दिवा न लावता बसला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. गाल अजून परक्याचाच होता, पण आत कुठेतरी, दाढेच्या जागी, ठणकायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने बस धरली, बाक ओलांडला आणि फाटक ढकललं. एकटाच असल्यामुळे मोठ्याने बोलायचं कारण नव्हतं, तरी प्रत्येक टप्प्याला तो मोठ्याने म्हणाला, शून्य, आणि मग लिहिलं. परतीच्या वाटेवर पंपघराशी तो थांबला आणि वाकून त्याने पायरीला हात लावला. घरी आल्यावर नऊ शून्यं पाठवली. हात धुतले, पातेलं घासलं, फोन टेबलावर उलटा ठेवला, सुलटा केला. तास झाला. दोन झाले. शून्याला काय उत्तर देणार, असं तो स्वतःशी म्हणत होता तेवढ्यात फोन वाजला. एकच ओळ होती: 'पायरीवर ऊन होतं का?'

मग त्याने चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'होतं. अर्ध्या पायरीवर. हात लावून बघितलं.'